कॅन्टोन्मेंटचा चेंडू : बेंगळुरूच्या फुटबॉलची गोष्ट आणि एका चाहत्याची मतं

आजवरच्या भागांत आपण लढाया, किल्ले आणि पलटणी यांच्याविषयी बोललो. आज मैदान वेगळं आहे, पण डावपेच तेच. आज बोलायचं आहे फुटबॉलबद्दल, आणि तेही बेंगळुरूच्या.

सुरुवात दोन तारखांपासून करतो. 3 मार्च 2023 रोजी बेंगळुरूच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर बेंगळुरू एफसी आणि केरला ब्लास्टर्स यांच्यात इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना झाला. सुनील छेत्रीनं एक फ्रीकिक चटकन मारली, चेंडू जाळ्यात गेला आणि केरळचा संघ निषेध म्हणून मैदान सोडून गेला. देशभर वादाचा धुरळा उडाला. दुसऱ्या दिवशी, 4 मार्चला, सौदी अरेबियात रियाधला कर्नाटकच्या संघानं मेघालयला 3-2 असं हरवून संतोष ट्रॉफी जिंकली. या राज्यानं याआधी ती जिंकली होती 1968-69 मध्ये, तेव्हा राज्याचं नावसुद्धा म्हैसूर होतं. म्हणजे चोपन्न वर्षांनी ट्रॉफी घरी आली. आता सांगा, यांतली कोणती गोष्ट तुमच्या लक्षात आहे? दहांतले नऊ जण फ्रीकिकच सांगतील.

माझी आजची तक्रार, आणि आजचा प्रश्नही, इथूनच सुरू होतो. एखाद्या शहराचा फुटबॉल म्हणजे नेमकं काय? त्या शहराचं नाव लावून खेळणारा संघ, की त्या शहराच्या गल्ल्यांतून तयार झालेली पोरं? उत्तरासाठी जरा मागे जावं लागेल.

टिपू सुलतान पडल्यावर इंग्रजांची फौज श्रीरंगपट्टणला होती. 1809 च्या सुमारास ती बंगळूरला हलवली गेली आणि जुन्या पेठेच्या पूर्वेला कॅन्टोन्मेंट वसलं. एकाच नावाची दोन गावं झाली. एका बाजूला पेठ, दुसऱ्या बाजूला लष्कर. मद्रास सॅपर्स, ज्यांना आज आपण मद्रास इंजिनिअर ग्रुप म्हणजे एमईजी म्हणतो, त्यांचं केंद्र हलसूरु तलावाच्या काठावर आहे. फौजेत त्यांच्या जवानांना प्रेमानं 'थंबी' म्हणतात. गोऱ्या पलटणी संध्याकाळी फुटबॉल खेळत. पलटणीला लागणारी कामं करणारी माणसं आजूबाजूच्या वस्त्यांत राहत. त्यांची पोरं आधी कडेला उभी राहून बघायची, बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायची, मग स्वतःच खेळू लागली. कॅन्टोन्मेंट असलेल्या बहुतेक गावांत फुटबॉल असाच रुजला. बेंगळुरूत तो जास्त खोल रुजला, कारण इथे मैदानं होती, हवा थंड होती आणि संध्याकाळी धावायला दम उरत असे.

आता आपल्या मुंबईचा संबंध बघा. रोव्हर्स कप ही मुंबईची स्पर्धा 1891 मध्ये सुरू झाली. सुरुवातीला ती गोऱ्या पलटणींचीच होती. तो कप जिंकणारा पहिला भारतीय संघ कोणता? मोहन बागान नाही, कलकत्त्याचा मोहम्मडन स्पोर्टिंगही नाही. 1937 मध्ये तो जिंकला बेंगलोर मुस्लिम्स या संघानं. त्यांनी अंतिम सामन्यात हरवलं ते मोहम्मडन स्पोर्टिंगलाच. तो संघ त्या काळात कलकत्ता लीग वर्षामागून वर्ष जिंकत होता. पुढच्या वर्षी, 1938 मध्ये, बेंगळुरूकरांनी पुन्हा कप नेला. त्या वेळी समोर आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स ही गोरी पलटण होती. 1911 मध्ये मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायरला हरवल्याची गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. मुंबईच्या मैदानावर बेंगळुरूच्या पोरांनी काय केलं, हे मुंबईतही फार कुणाला सांगता येत नाही.

आता खेळाकडे येऊ. तो काळ 2-3-5 मांडणीचा होता. मागे दोन बचावपटू, मध्ये तिघे, पुढे पाच जण. आज हे ऐकलं की हसू येतं, पण त्या मांडणीत ड्रिबल करणाऱ्या खेळाडूला राज्य मिळायचं. पुढचे पाच जण एका रांगेत, त्यांतले दोघे 'इनसाइड' म्हणजे आतले. चेंडू त्यांच्या पायाशी आला की पुढचं सगळं त्यांच्या डोक्यावर. बेंगळुरूनं या जागेसाठी देशाला सर्वांत मोठा खेळाडू दिला, तो अहमद खान.

अहमद खान 1949 मध्ये कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. तिथल्या पुढच्या फळीतल्या पाच जणांना लोक 'पंचपांडव' म्हणत : व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. यांतले धनराज आणि अहमद खान दोघेही बेंगळुरूचे. या पाच जणांच्या जोरावर ईस्ट बंगालनं 1949, 1950 आणि 1951 अशी सलग तीन वर्षं आयएफए शील्ड जिंकली. अहमद खान यांना लोक गारुडी म्हणत, कारण चेंडू त्यांच्या पायाशी डोलायचा. 2017 मध्ये ते बेंगळुरूतच वारले.

1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा उतरला. 31 जुलैला फ्रान्सविरुद्ध सामना होता. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. आपण 2-1 असे हरलो आणि त्यात दोन पेनल्टी वाया घालवल्या. आपला जो एक गोल झाला तो सारंगपाणी रामन यांचा. ऑलिंपिक फुटबॉलमधला भारताचा तो पहिला गोल, आणि रामन बेंगळुरूचे. चार वर्षांनी हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं आपल्याला 10-1 असं धुतलं. त्यातला एकुलता एक गोल अहमद खान यांचा. म्हणजे पहिल्या दोन ऑलिंपिकमध्ये भारताचे एकूण दोन गोल, आणि दोन्ही बेंगळुरूच्या पायांतून.

हेलसिंकीच्या पराभवाचं खापर अनवाणी पायांवर फुटलं. थंडी होती, जमीन ओली होती, पाय घसरत होते, हे सगळं खरंच. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पण माझं मत असं की बुटांनी दहाचे सात झाले असते, जिंकलो नसतो. खरी उणीव मांडणीत होती. 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आधी हल्ला करणाऱ्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये तीन विरोधी खेळाडू लागत, आता दोन पुरेसे झाले. दोन बचावपटूंच्या पाठीमागे एकदम मोकळं रान झालं. इंग्लंडमध्ये आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं मधला एक गडी मागे ओढून तिसरा बचावपटू उभा केला आणि युरोपनं ते उचललं. आपल्याकडे मात्र दोन बचावपटूंची जुनी रीतच रूढ होती. समोर युगोस्लाव्हियासारखा संघ, जो त्या स्पर्धेत रौप्यपदक घेऊन गेला. शत्रूची तोफ बदलली आणि आपला तट तसाच राहिला, तर किल्लेदार कितीही शूर असला तरी किल्ला पडतोच.

ही दुरुस्ती केली ती हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी. ते 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकला संघ घेऊन गेले आणि आपण चौथे आलो. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा गोव्याच्या कुटुंबातले, मुंबईत खेळणारे, हेही मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं. रहीम यांनी आपल्या संघाला 4-2-4 मांडणीची सवय लावली. मागे चार, पुढे चार, आणि मध्ये दोन असे गडी की ज्यांना दोन्हीकडे धावावं लागे. या मांडणीला दमसास लागतो. आणि दमसास तयार करायचा कारखाना म्हणजे फौज.

फौजी फुटबॉलबद्दल मी बोललो तर पक्षपाती वाटेल, म्हणून आधी नुसती नोंद सांगतो. 1955 आणि 1958 मध्ये ड्युरँड कप जिंकला तो मद्रास रेजिमेंटल सेंटर, वेलिंग्टन या संघानं. पीटर थंगराज तिथलेच. सव्वासहा फुटांच्या घरातले, भारताचे आजवरचे सर्वांत मोठे गोलरक्षक. त्यांच्याच नेतृत्वाखाली 1960-61 मध्ये सर्व्हिसेसनं पहिल्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली. फौजी संघाचं बळ म्हणजे शिस्त, धाव आणि जागा न सोडणं. उणीव म्हणजे अहमद खान तिथे घडत नाही. चेंडू पायाशी ठेवून चार जणांना चकवणं हा कवायतीच्या मैदानावरचा गुण नाही, तो गल्लीत येतो. चांगल्या संघाला दोन्ही लागतात. बेंगळुरूचं भाग्य असं की इथे पलटणीचं मैदान आणि गल्ली यांच्यात फक्त एका रस्त्याचं अंतर होतं.

1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रहीम यांची कमाल दिसली. जर्नेल सिंग हा आपला पोलादी बचावपटू. स्पर्धेत त्याच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. दुसरा प्रशिक्षक असता तर त्याला बाहेर बसवला असता. रहीम यांनी त्याला थेट पुढे, आघाडीवर नेलं. उपांत्य सामन्यात त्यानं गोल केला आणि 4 सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामन्यातही केला. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. आपण 2-1 असे जिंकलो, गोलात थंगराज होते. त्या चमूत बेंगळुरूचे अरुमैनायगम होते, पुढे मोहन बागानची डावी बाजू गाजवणारे. लष्करी भाषेत सांगायचं तर रहीम यांनी राखीव बळ वेगळं ठेवलं नाही, असलेल्या बळालाच नव्या आघाडीवर तैनात केलं. पुढच्याच वर्षी, जून 1963 मध्ये, ते गेले. त्यानंतर आशियाई सुवर्णपदक आपल्याला आजवर मिळालेलं नाही.

आता पुन्हा बेंगळुरूच्या गल्लीत येऊ. हलसूरुजवळ गौतमपुरा नावाची वस्ती आहे. तिथे चौकात डॉ. आंबेडकर, बुद्ध आणि मदर तेरेसा यांच्या पुतळ्यांच्या जोडीला एक चौथा पुतळा आहे, पेलेचा. देशात फार ठिकाणी असं दृश्य दिसणार नाही. गौतमपुरा, ऑस्टिन टाऊन, मर्फी टाऊन या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांनी पिढ्यान् पिढ्या खेळाडू दिले. कोल्हापूरकरांना हे लगेच कळेल. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांच्या नावानं पेठा शाहू स्टेडियमवर भांडतात. तिथे संघ म्हणजे पेठेची इज्जत. गौतमपुऱ्यातही तेच. फरक इतकाच की कोल्हापूरचा खेळाडू बहुधा कोल्हापुरातच राहिला आणि बेंगळुरूचा बाहेर गेला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा अख्खं शहर त्याच्यासाठी जागं होतं. बेंगळुरूतून तसे डझनांनी गेले आणि शहराला त्याची सवय झाली.

का गेले? पैसा कलकत्त्याला होता. इथे नोकरी होती : आयटीआय, एचएएल असे सरकारी कारखाने खेळाडूला कामावर घेत, पेन्शनची सोय होई. या कारखान्यांचे संघ राष्ट्रीय लीगपर्यंत पोचले. पण नाव कमवायचं तर गाव सोडावं लागे. अलीकडचं उदाहरण कार्ल्टन चॅपमन. जन्म बेंगळुरूचा, घडला जमशेदपूरच्या टाटा अकादमीत, 1993 मध्ये ईस्ट बंगालकडून इराकच्या अल झवरा संघाविरुद्ध तीन गोल केले, पुढे भारताचा कर्णधार झाला. 2020 मध्ये बेंगळुरूतच गेला, वय पन्नासच्या आत. मधल्या फळीतला असा विचारी खेळाडू मी क्वचित पाहिला. पास देण्याआधीच त्याला तिसऱ्या पासची जागा दिसत असे.

दरम्यान म्हैसूर राज्यानं चार वेळा संतोष ट्रॉफी जिंकली : 1946-47, 1952-53, 1967-68 आणि 1968-69. चारही वेळा अंतिम सामन्यात समोर बंगाल होता. ज्या बंगालनं इथली पोरं नेली, त्याच बंगालला इथल्या उरलेल्या पोरांनी हरवलं. यावरून खाण किती खोल होती याची कल्पना येईल.

मग आला 2013 चा जुलै. जेएसडब्ल्यू समूहानं बेंगळुरू एफसी स्थापन केला. पहिल्याच हंगामात, 2013-14 मध्ये, संघानं आय-लीग जिंकली. प्रशिक्षक अ‍ॅशली वेस्टवूड यांनी काही जादू केली नाही. खाणं, झोप, धावणं मोजायला लावलं आणि चेंडू गेला की लगेच परत मिळवायची सवय लावली. फौजेत पहिल्या सहा महिन्यांत रंगरुटाला जे शिकवतात, ते त्यांनी व्यावसायिक खेळाडूंना शिकवलं. नंतरचे अल्बर्ट रोका बार्सिलोनाच्या शाळेतले, चेंडू आपल्याकडे ठेवणारे. त्यांच्या काळात 2016 मध्ये संघानं गतविजेत्या जोहोरला कांतीरवावर 3-1 असं हरवलं आणि एएफसी कपच्या अंतिम फेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. दोहाला इराकच्या हवाई दलाच्या संघाकडून 1-0 अशी हार पत्करावी लागली.

कार्ल्स क्वाद्रात यांच्या हाताखाली 17 मार्च 2019 रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. समोर एफसी गोवा. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेत गोव्याचा एक गडी लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि 117 व्या मिनिटाला कॉर्नरवर डोकं लावून गोल केला राहुल भेकेनं. मुंबईचा मराठी पोरगा, मुंबईच्या मैदानावर, बेंगळुरूसाठी. काही जण म्हणाले, कॉर्नरवरचा गोल म्हणजे नशीब. मी हे मानत नाही. कॉर्नर म्हणजे पूर्वतयारीनं आखलेला हल्ला. कोण धावेल, कोण आडवा येईल, चेंडू कुठे पडेल, हे सरावात शंभरदा झालेलं असतं. थकलेल्या, एक गडी कमी असलेल्या संघावर तो हल्ला 117 व्या मिनिटाला चालला, याचा अर्थ बेंगळुरूच्या पायांत आणि डोक्यात अजून शिल्लक होती.

आता त्या फ्रीकिकबद्दल. नियम साधा आहे. फाउल झालेल्या संघाला चेंडू लगेच खेळायचा हक्क असतो, शिट्टीची वाट पाहावी लागत नाही. रेफ्रीनं भिंतीचं अंतर मोजायला घेतलं आणि 'शिट्टीनंतरच' असं बजावलं, तरच थांबायचं. त्या दिवशी तसं बजावलेलं नव्हतं असा निर्णय राहिला. केरळच्या चाहत्यांना ते पटलं नाही आणि त्यांचा राग मी समजू शकतो. पण मैदान सोडणं मला पटत नाही. अजून वीस मिनिटांहून जास्त खेळ बाकी होता, एकाच गोलाचा फरक होता. आणि संरक्षणाचा पहिला धडा हा की मोर्चे बांधायच्या आधी पहारा लावावा. एका गड्यानं चेंडूसमोर उभं राहायचं, मगच बाकीच्यांनी भिंत रचायची. छेत्री फौजी अधिकाऱ्याचा मुलगा आहे. शत्रू तंबू ठोकत असताना हल्ला करावा, हे त्याला कुणी शिकवायला नको. देशासाठी नव्वदहून जास्त गोल करणाऱ्या माणसाचं खरं बळ पायात नसून त्या अर्ध्या सेकंदाच्या जाणिवेत आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि तरीही मला त्या दोन दिवसांतला दुसरा दिवस मोठा वाटतो. संतोष ट्रॉफीच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकनं सर्व्हिसेसला 3-1 असं हरवलं. त्या दिवशी माझी काय अवस्था झाली असेल, ते कुठल्याही निवृत्त फौजीला विचारा. मग अंतिम विजय. हा संघ कर्नाटकातल्या स्पर्धांत, तिथल्या साध्या मैदानांवर खेळणाऱ्या खेळाडूंमधून निवडलेला. त्यांना मोठे करार नाहीत. ट्रॉफी आली आणि शहर त्या आठवड्यात फ्रीकिकवर वाद घालत राहिलं.

मी बेंगळुरू एफसीचा चाहता आहे आणि राहणार. वेस्ट ब्लॉकमधल्या पोरांचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. त्या क्लबनं या शहराला पुन्हा फुटबॉल बघायला शिकवलं, हे ऋण मोठं. पण खेळ बघणारं शहर आणि खेळणारं शहर यांत फरक आहे. अहमद खान घडायला क्लब लागत नाही, रिकामी जागा लागते. कॅन्टोन्मेंटच्या भोवतीच्या मोकळ्या जागा इमारतींनी, पार्किंगनी आणि कुंपणांनी खाल्ल्या. पोरांनी तासाचे पैसे मोजून गवताच्या गालिच्यावर खेळायचं. गौतमपुऱ्यातल्या मजुराच्या मुलाला ते परवडेल का?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. लष्कराची, शाळांची आणि सरकारी कारखान्यांची जी मैदानं संध्याकाळी रिकामी असतात, ती आठवड्यातून तीन दिवस आसपासच्या वस्तीतल्या मुलांना उघडावीत. सुरक्षेचे प्रश्न येतात, ते मला माहीत आहेत. ओळखपत्र, ठरलेली वेळ, एक हवालदार, एवढ्यात ते सुटतात. मोठ्या क्लबांनी त्या वस्त्यांत प्रशिक्षक पाठवावेत आणि फी घेऊ नये. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, देवळाली, जिथे जिथे छावणी आहे तिथल्या वाचकांनी आपापल्या गावात हे विचारून बघावं. शंभर वर्षांपूर्वी पोरं कुंपणाबाहेर उभी राहून चेंडू आणून देत होती आणि त्यांतूनच रोव्हर्स कप जिंकणारा संघ उभा राहिला. आज ती पोरं कुंपणाबाहेरच आहेत, फक्त आत कुणी खेळत नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.